सेरामपूरचं विद्यापीठ नेमकं कोणाचं?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बी.ए. झाली आहे, पुण्यातल्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करायचं म्हणते आणि पदवी ‘सेरामपूर’ची मिळणार आहे. नातेवाईक म्हणतात, हे चर्चवाल्यांचं आपसातलं मंडळ, खरं विद्यापीठ नव्हे. मंडळीतले काहीजण म्हणतात, ते बॅप्टिस्टांचं आहे, आपल्या पंथात चालायचं नाही. तेव्हा सेरामपूर कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या पदवीला काय किंमत आहे?

सेरामपूरशी संलग्न कॉलेजात मी बरीच वर्षं चर्चचा इतिहास शिकवला आणि सोबत नोंदणी-परीक्षांचं कार्यालयही सांभाळलं. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. सेरामपूर कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात नाही. पदवी देण्याचा त्याचा अधिकार एका राजाच्या सनदेतून आला, एका आंतरराष्ट्रीय तहाने टिकला आणि १९१८ च्या कायद्याने आजच्या रूपाला आला. ‘आपसातलं मंडळ’ म्हणणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो. ‘बॅप्टिस्टांचं’ म्हणणारे अर्धं बरोबर बोलतात, पण ते अर्धं शंभर वर्षांमागचं आहे.

हे सेरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर हे गाव आहे. १७५५ पासून तिथे डेन्मार्कची वखार होती. गाव डॅनिश होतं म्हणूनच तर हे सगळं घडू शकलं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. लोक बिथरतील, व्यापाराला धक्का बसेल ही भीती. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आला तो परवान्याशिवायच. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड १७९९ मध्ये आले, त्यांनी थेट डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्याकडे आसरा घेतला आणि जानेवारी १८०० मध्ये कॅरीही तिथे येऊन मिळाला. इंग्रजांच्या दारात इंग्रज माणसांना डेन्मार्कच्या झेंड्याने सांभाळलं.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत होता. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून निघालं, मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये. या कामात पंडित वैजनाथ यांचा हात होता. मुंबईत मराठी छपाईने बाळसं धरण्याआधी आपली भाषा हुगळीच्या काठी खिळ्यांत बसत होती. तुमची मुलगी ज्या संस्थेची पदवी घेणार, तिच्या पायात मराठी आहे. ती परकी संस्था नाही, हे नातेवाइकांना जरूर सांगा.

१८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी कॉलेज काढलं. जाहीरनाम्यात लिहिलं होतं की, आशियाई, ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवण्यासाठी हे कॉलेज आहे. ‘इतर’ हा शब्द नुसता शोभेला नव्हता. सुरुवातीच्या ३७ विद्यार्थ्यांत हिंदू मुलं होती. संस्कृत हा अभ्यासाचा कणा होता, शिकवणं देशी भाषेतून व्हावं असा आग्रह होता आणि इंग्रजी निवडक मुलांसाठी होती. पुढे १८३० मध्ये स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफने कोलकात्यात इंग्रजी माध्यमाचा रस्ता धरला आणि देशभर तोच चालला. माझ्या मते कॅरीचा रस्ता जास्त बरोबर होता आणि तो सोडल्याची किंमत आपल्या मंडळ्या आजही मोजताहेत. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता कारभार. तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

या तिघांना इंग्लंडच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीने पाठवलं होतं. पण सेरामपूरला ते स्वतःच्या कमाईवर उभे राहिले. कॅरीचा प्राध्यापकीचा पगार, मार्शमन पती-पत्नीच्या निवासी शाळांचं उत्पन्न आणि वॉर्डच्या छापखान्याचा नफा एका सामायिक तिजोरीत जात होता. घरखर्चापुरतं काढून बाकी सगळं मिशनच्या कामाला. जमिनी आणि इमारती त्यातूनच घेतल्या. पुढे सोसायटीच्या लंडनच्या समितीत नवे लोक आले आणि त्यांनी मालमत्ता समितीच्या नावावर करा म्हटलं. सेरामपूरवाल्यांनी सांगितलं, आम्ही विश्वस्त आहोत, मालक नाही, पण तुम्हीही मालक नाही. हा तंटा वर्षानुवर्षं चालला, पत्रापत्री झाली, पत्रकं निघाली, मनं दुखावली. शेवटी १८२७ मध्ये सेरामपूर आणि लंडन वेगळे झाले आणि समेट व्हायला १८३७ उजाडलं.

मार्शमन त्या वेळी युरोपातच होता. ज्या प्रवासात लंडनशी फाटलं, त्याच प्रवासात तो कोपनहेगनला गेला आणि डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून कॉलेजची सनद घेऊन आला. सनदेची तारीख २३ फेब्रुवारी १८२७. या सनदेने कॉलेजला कोपनहेगन आणि कील इथल्या विद्यापीठांसारखा पदव्या देण्याचा अधिकार दिला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली १८५७ मध्ये. म्हणजे हिंदुस्थानात आधुनिक पद्धतीची पदवी देण्याचा अधिकार त्यांच्या तीस वर्षं आधी सेरामपूरच्या हाती होता.

सनदेने दुसरं एक काम केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. कॉलेज ही एक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती झाली. कारभार कौन्सिलकडे, आणि कौन्सिलच्या एका सभासदाच्या जागी दुसरा येत राहणार. पहिल्या कौन्सिलमध्ये कॅरी, मार्शमन आणि मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क होते. वॉर्ड १८२३ मध्येच वारला होता. मालमत्ता ना त्यांची, ना लंडनची, ना राजाची. ती कॉलेजची.

१८३३ मध्ये कॅरी-मार्शमनने नियमावली केली. मी ती वर्गात ओळीने वाचून घेत असे. जात, वर्ण किंवा देश यांमुळे कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन, कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा विद्यार्थी घेता येईल आणि शिकण्यासाठी हिंदू-मुसलमान तरुणांनाही येता येईल. विवाहित असणं कोणत्याही पदाच्या आड येणार नाही. हे झालं विद्यार्थ्यांपुरतं. कौन्सिलचे सभासद आणि प्राध्यापक यांच्यासाठी मात्र श्रद्धेची अट आहे: ख्रिस्ताचं देवपण आणि त्याने केलेलं प्रायश्चित्त यांना जो विरोध करील, त्याने पद सोडावं. दार सगळ्यांना उघडं आणि किल्ली श्रद्धावंतांच्या हाती, अशी ही रचना आहे. चर्चने चालवलेल्या कोणत्याही उच्चशिक्षण संस्थेत ही ओढाताण असतेच. १८३३ साली ती इतक्या स्पष्टपणे कागदावर मांडली गेली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आणि एवढं सगळं हाती असताना पदवी किती जणांना दिली? कोणालाच नाही. सनद १८२७ ची आणि पहिली बी.डी. १९१५ ची. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली.

कारण पैसा. १८३० मध्ये कोलकात्याची पामर कंपनी बुडाली, मग एकामागून एक मोठ्या पेढ्यांनी दिवाळं काढलं आणि सेरामपूरची ठेव त्यात गेली. कॅरीची फोर्ट विल्यममधली प्राध्यापकीही त्याच सुमाराला संपली. १८३४ मध्ये कॅरी गेला, १८३७ मध्ये मार्शमन. नदीकाठी ती उंच खांबांची भव्य इमारत उभी होती, कपाटात सनद होती, पण पगाराला पैसे नव्हते. पदवी देण्याचा अधिकार असणं आणि विद्यापीठ चालवणं यांत किती अंतर आहे, हे सेरामपूरइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. आज गल्लोगल्ली ‘बायबल युनिव्हर्सिटी’च्या पाट्या लागतात, तेव्हा मी मुलांना या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आठवण देतो. सेरामपूरकडे खरा अधिकार होता, तरी ते थांबलं, कारण शिकवणारे नसताना पदवी देणं त्यांना पटणारं नव्हतं.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर आणि दक्षिणेतली आपली वसाहत तरंगमबाडी साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली. राजाच गेला, आता सनदेचं काय? तहाच्या सहाव्या कलमात त्याचं उत्तर आहे. २३ फेब्रुवारी १८२७ च्या सनदेने कॉलेजला दिलेले हक्क तसेच चालू राहतील, जणू ती सनद ब्रिटिश सरकारनेच दिली आहे. फक्त हिंदुस्थानचा सर्वसाधारण कायदा तिला लागू राहील. एका वसाहतीच्या खरेदीखतात एका कॉलेजसाठी स्वतंत्र कलम! नातेवाइकांनी ‘हे कोणी मान्य केलं?’ विचारलं, तर हे कलम त्यांना दाखवा.

पुढचा काळ झटपट सांगतो. १८५६ च्या सुमारास जॉन क्लार्क मार्शमनने कॉलेज बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीकडे सोपवलं. ‘बॅप्टिस्टांचं सेरामपूर’ ही समज मुख्यतः या काळातली. १८५७ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाला संलग्न झालं. १८८३ मध्ये वरचे वर्ग बंद करून त्याची ख्रिस्ती प्रचारक तयार करणारी छोटी शाळा केली गेली. सनद मात्र कोणी रद्द केली नाही.

मग जॉर्ज हॉवेल्स आला. ओरिसात काम केलेला हा बॅप्टिस्ट मिशनरी १९०६ पासून प्राचार्य झाला आणि त्याने ती सनद धूळ झटकून बाहेर काढली. त्याचं म्हणणं असं की, हिंदुस्थानातल्या एकट्या चर्चला पदवीच्या दर्जाचं धर्मशास्त्राचं शिक्षण झेपणार नाही, पण सगळ्यांना मिळून झेपेल, आणि त्यासाठी लागणारा अधिकार आपल्याकडे तयार आहे. १९११ मध्ये कलकत्ता विद्यापीठाशी पुन्हा संलग्नता मिळाली आणि १९१५ मध्ये बी.डी.च्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. पण एका बॅप्टिस्ट कौन्सिलने दिलेली पदवी लुथरन, अँग्लिकन, सीरियन ख्रिस्ती का स्वीकारतील? म्हणून कायदा झाला: १९१८ चा बंगालचा चौथा कायदा, सेरामपूर कॉलेज कायदा.

त्या कायद्याने कौन्सिल मोठं केलं, त्यात इतर पंथांना जागा दिली आणि सेनेट नावाचं नवं मंडळ निर्माण केलं. कौन्सिलच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात. मालमत्ता, निधी आणि सनदेतला अधिकार कौन्सिलकडे. अभ्यासक्रम, परीक्षा, पात्रता आणि संलग्नता सेनेटकडे. सेनेटमध्ये वेगवेगळ्या पंथांचे लोक बसतात आणि रोजचं कामकाज रजिस्ट्रार पाहतात. आपण बोलताना ‘सेरामपूर’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला सेनेट म्हणायचं असतं. तुमच्या मुलीचा संबंध येईल तो सेनेटशी.

आणखी एक गुंता इथेच सोडवून टाकतो, कारण कार्यालयात याबद्दल सतत विचारणा होते. सेरामपूरच्या आवारातल्या कॉलेजात आजही कला, विज्ञान, वाणिज्य शिकवतात. ते विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतात. त्याच आवारातला धर्मशास्त्राचा विद्यार्थी सेनेटची पदवी घेतो. आणि सेनेटला देशभरातली धर्मशास्त्राची कॉलेजं जोडलेली आहेत. पुण्याचं युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी त्यांतलं. युनियन बिब्लिकल सेमिनरीही. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. तेव्हा पुण्यात शिकून सेरामपूरची पदवी मिळते यात काही गौडबंगाल नाही. संलग्न कॉलेजांची हीच रीत आहे.

सेनेटमध्ये अनेक पंथ आहेत म्हणजे प्रत्यक्षात काय, ते परीक्षेच्या वेळी दिसतं. प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट केंद्रावर साक्षीदारांसमोर उघडतं. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचं नाव नसतं, नोंदणी क्रमांक असतो, आणि गठ्ठा बाहेरच्या परीक्षकाकडे जातो. ईशान्येकडच्या बॅप्टिस्ट मुलीचा पेपर केरळातला मार थोमा चर्चचा प्राध्यापक तपासतो आणि त्याच्या विद्यार्थ्याचा पेपर कदाचित आपल्याकडचा मेथडिस्ट पाळक. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, यावर या तिघांचं एकमत नाही. तरी उत्तर अभ्यासून लिहिलं आहे का, यावर ते गुण देतात. मी स्वतः अशी उत्तरं तपासली आहेत, ज्यांचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नव्हता आणि ज्यांना मी प्रथम वर्गाचे गुण दिले. ही शिस्त सेरामपूरने आपल्या चर्चना शिकवली. नागपूरला १९७० मध्ये सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याआधी कितीतरी वर्षं या पंथांचे तरुण एकाच पदवीसाठी अभ्यास करत होते.

मंडळीतल्या शंकेचं उत्तरही यातच आहे. पदवी सेनेट देतं. पाळकपदाची दीक्षा तुमचं चर्च देतं. सेनेट कोणालाही पाळक करू शकत नाही आणि एखाद्या बिशपसाहेबांना कोणाला बी.डी. देता येत नाही. तुमच्या पंथात स्त्रियांना दीक्षा मिळते की नाही, शिक्षणानंतर नेमणूक कुठे, हे सेरामपूरला विचारू नका, आपल्या डायोसिसला किंवा कॉन्फरन्सला, म्हणजे आपल्या चर्चच्या प्रादेशिक कारभार मंडळाला, विचारा. ही रेघ पुसट झाली की घोळ होतो. चर्चमधल्या राजकारणाचं वारं कॉलेजच्या नियामक मंडळात शिरलं की नेमणुका रखडतात, प्राचार्य वर्षभर प्रभारी राहतात आणि भोगतात विद्यार्थी. हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून कॉलेज निवडताना भिंतीवरच्या तैलचित्रांपेक्षा पूर्णवेळ प्राध्यापक किती, ते विचारा.

आपल्याच राज्यात चर्चच्या उच्चशिक्षणाचे आणखी दोन नमुने आहेत, त्यांच्याशी ताडून पाहा. पुण्याची ज्ञानदीप ही संस्था कॅथलिक चर्चची. श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली ही परंपरा १९५५ मध्ये पुण्यात आली. तिथल्या धर्मशास्त्राच्या पदवीचा अधिकार रोमहून येतो आणि शेवटचा शब्दही रोमचा. दुसरीकडे १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज: प्रेरणा ख्रिस्ती, पण पदवी पुणे विद्यापीठाची. सेरामपूर या दोहोंच्या मधलं आहे. त्याचा अधिकार वरून कोणा धर्मगुरूकडून येत नाही आणि सरकारी विद्यापीठाकडूनही नाही. तो कायद्यातून येतो आणि अनेक चर्च मिळून तो वापरतात.

पदवीच्या मान्यतेबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ म्हणतं की, केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था हेच पदवी देऊ शकतात. सेरामपूरच्या पाठीशी १९१८ चा प्रांतिक कायदा आहे, म्हणून ते पाटी लावून बसलेल्या खासगी संस्थांच्या रांगेत येत नाही. पण व्यवहारात फरक पडतो तो समकक्षतेचा. पुढे एखाद्या विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची असेल, तर बी.डी. कशाच्या समकक्ष धरायची, हे ते विद्यापीठ आपल्या नियमाने ठरवतं. परदेशी धर्मशास्त्र विद्यापीठांत सेरामपूरचं नाव ओळखीचं आहे. देशात मात्र त्या-त्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तुमच्या मुलीकडे बी.ए. आहेच, त्यामुळे तिची ती बाजू भक्कम आहे.

आता भाषेबद्दल, वर म्हटलं होतं ते. बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) प्रादेशिक भाषांतून करता येतं, पण बी.डी. आणि पुढचं शिक्षण मुख्यतः इंग्रजीत चालतं. खेड्यातून आलेली हुशार मुलं पहिल्या वर्षी विषयाशी नाही, इंग्रजीशी झगडतात. आणि परत मंडळीत गेली की शिकलेलं मराठीत सांगताना अडतात, कारण मराठीत तेवढ्या ताकदीची पाठ्यपुस्तकं फार थोडी आहेत. ज्या संस्थेच्या संस्थापकाने मराठीचं व्याकरण आणि कोश छापला, तिच्या पदवीसाठी मराठी मुलाला मराठीत वाचायला पुरेसं नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सेनेटमध्ये आपल्या चर्चचे जे प्रतिनिधी बसतात, त्यांनी हा विषय लावून धरला पाहिजे. दोष एकट्या सेरामपूरचा नाही. लिहायचं आपण आहे.

मुलीला घेऊन कॉलेजात जाल तेव्हा तीन गोष्टी पाहून या. संलग्नता बी.डी.साठी आहे की फक्त बी.टीएच.साठी, ते सेनेटच्या पत्रावर बघा, माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. प्रवेशासाठी मंडळीचं शिफारसपत्र लागेल, ते देणारे पाळक आणि कमिटी खर्चाचा किती भार उचलणार, हे आधी बोलून घ्या. आणि ग्रंथालयात थोडा वेळ बसा. तिथे विद्यार्थी वाचताना दिसतात का ते पाहा. ती इंग्रजीला बिचकत असेल, तर प्रवेशाआधीचे काही महिने रोज थोडं वाचून मराठीत सारांश लिहायची सवय लावा. हिब्रू आणि ग्रीकची काळजी करू नका, त्या भाषा सगळ्यांसाठीच नव्या असतात.